पाय गार, पाय जड, पायाला मुंग्या: हातापायांच्या रक्ताभिसरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबाग-परळच्या मधल्या एका गल्लीत माझा दवाखाना आहे. "डॉक्टर, पायात रक्त पोचत नाही हो" हे वाक्य मी आठवड्यातून पाचदहा वेळा तरी ऐकते. वाक्य एकच असतं, आजार मात्र दर वेळी निराळा निघतो आणि एकाला बरं वाटणारा उपाय दुसऱ्याचा पाय धोक्यात आणू शकतो. शेजारच्या मावशींना लागू पडलेले दाबाचे घट्ट मोजे वापरून स्वतःची जखम चिघळवून आलेले पेशंट पाहिलेत, म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहायला बसले. प्रश्न पेशंटच्याच तोंडचे आहेत.

"रक्ताभिसरण कमी झालंय" म्हणजे नक्की काय झालंय?

इमारतीचं उदाहरण देते, कारण पाइपांची कटकट मुंबईत सगळ्यांना ठाऊक असते. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी आणणारा पाइप वेगळा आणि मोरीतलं पाणी वाहून नेणारा वेगळा. हृदयाकडून पायाकडे रक्त आणणाऱ्या त्या रोहिण्या. पायाकडून हृदयाकडे परत नेणाऱ्या त्या नीला. रोहिणीच्या आतल्या बाजूला चरबी आणि कॅल्शियमचा थर बसून ती अरुंद झाली, की रक्त खाली पोचत नाही. नीलेच्या झडपा सैल पडल्या, की पोचलेलं रक्त वर चढत नाही, खालीच साचतं. म्हणजे एकात टंचाई आणि दुसऱ्यात तुंबई.

तिसरा प्रकार वायरिंगचा. मज्जातंतू खराब झाले की पायाला मुंग्या येतात, जळजळ होते, बधिरपणा येतो. पेशंटला वाटतं रक्त पोचत नाही, पण रक्त व्यवस्थित पोचत असतं. माझ्याकडे "रक्त पोचत नाही" म्हणून येणाऱ्यांत या तिसऱ्या प्रकारचे बरेच असतात.

मग आपला प्रकार कोणता, हे घरी कळेल का?

पक्कं निदान घरी होत नाही, अंदाज मात्र येतो. त्रास कधी वाढतो आणि कशाने कमी होतो, एवढ्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या.

चालल्यावर पोटरी दुखते आणि उभ्या-उभ्याच थोडं थांबलं की पाचदहा मिनिटांत थांबते: रोहिणीचा संशय. दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पाय जड होतात, ठणकतात, घोट्याशी सूज येते आणि पाय वर घेऊन पडलं की हलकं वाटतं: नीलेचा संशय. चालण्या-थांबण्याशी काही संबंध नाही, रात्री अंथरुणात तळवे पेटल्यासारखे होतात, चादरीचा स्पर्शही नको वाटतो: बहुधा मज्जातंतू.

कातडीही बरंच सांगते. रक्त कमी पोचणाऱ्या पायाची कातडी तुकतुकीत, पातळ होते, नडगीवरचे केस जातात, नखं जाड होऊन वाढायची थांबतात. रक्त साचणाऱ्या पायाला घोट्याच्या वर, आतल्या बाजूला तपकिरी-काळसर डाग पडतात, खाज सुटते. तिथेच पुढे जखम होते आणि महिनोन्महिने भरत नाही. रोहिणीची जखम बहुतेकदा बोटांच्या टोकाला किंवा टाचेला होते आणि भयंकर दुखते. मधुमेहाची जखम तळव्यावर, भोवरीच्या खाली होते आणि जराही दुखत नाही. मला सगळ्यात जास्त भीती या न दुखणाऱ्या जखमेची वाटते.

चालताना पोटरी भरून येते. वयाचं असेल ना?

"वयाचं असेल" म्हणत माणसं दोन-दोन वर्षं काढतात. आमच्याकडे एक काका येतात, साठीच्या पुढचे, पूर्वी गिरणीत होते. चिंचपोकळी स्टेशनचा पूल उतरून दवाखान्यात यायला त्यांना तीन थांबे लागायचे. पहिला थांबा पेपरच्या स्टॉलवर, तिथे मथळे वाचायचे. दुसरा पानवाल्याकडे. तिसरा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, तिथे मोबाइल काढून उगाच स्क्रीनकडे बघत उभे राहायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाय दुखतो म्हणून थांबलो असं लोकांना कशाला कळायला हवं?"

दुखणं ठरावीक अंतरावर येतं, थांबलं की जातं आणि पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतं. चालताना पोटरीच्या स्नायूला जास्त रक्त लागतं आणि अरुंद झालेली रोहिणी ते पुरवू शकत नाही, म्हणून स्नायू ओरडतो. कंबरेच्या मणक्यात नस, म्हणजे मज्जातंतू, दबल्यानेही चालताना पाय दुखतात, पण अशा पेशंटना नुसतं उभं राहून आराम पडत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. बाजारात ट्रॉली किंवा हातगाडी ढकलत वाकून चाललं तर ते बरंच अंतर चालू शकतात. हा फरक डॉक्टरला नक्की सांगा, अर्धं निदान तिथेच होतं.

दुर्लक्ष करू नका म्हणते ते फक्त पायासाठी नाही. पायाच्या रोहिणीत थर बसलाय म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्याही त्याच शरीरात आहेत. अशा पेशंटना हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो.

झोपताना पायाखाली उशी घ्यावी का?

उत्तर सरळ "हो" असतं, तर हे पान लिहायची गरजच पडली नसती.

नीलेचा त्रास असेल तर जरूर घ्या. पाय छातीच्या पातळीच्या वर ठेवले की साचलेलं रक्त आपोआप उतरतं. रोहिणी अरुंद असेल तर मात्र तीच उशी घातक ठरते. आधीच दाब कमी, त्यात पाय उंचावर, मग बोटांपर्यंत काय पोचणार? असे पेशंट रात्री दुखण्याने जागे होतात आणि पाय पलंगाखाली लोंबकळत सोडतात, तेव्हा कुठे बरं वाटतं. काही जण खुर्चीत बसूनच झोपतात. घरचे म्हणतात, "पाय सुजलाय, वर घ्या." तो बिचारा वर घेतो आणि कळवळतो. सूज असते ती पाय सतत खाली सोडल्यामुळे.

दवाखान्यात एक साधी तपासणी करते. पेशंटला उताणं झोपवून पाय वर उचलून धरायचा. रोहिणी खराब असेल तर मिनिटाभरात तळवा मेणासारखा पांढराफटक पडतो. मग त्याला उठून बसवून पाय खाली सोडायला सांगायचं. सावकाश, कधी दोन मिनिटं घेत, तो लालबुंद होतो. ही लाली बघून नातेवाईक खूश होतात की रक्त आलं, पण ती चांगली खूण नव्हे.

पाय लोंबकळत सोडल्यावरच रात्री झोप लागते, ही अवस्था आली असेल तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, उद्याच जा.

पायाची नाडी मला स्वतःला बघता येईल?

येईल. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलल्यावर जी दोरीसारखी कंडरा (स्नायूचं हाडाला जोडलेलं टोक) उठते तिच्या बाहेरच्या अंगाला दोन बोटं अलगद ठेवा. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे. दाबून धरलंत तर नाडी बंद होते, आणि कधी आपल्याच बोटाचे ठोके लागतात. काही धडधाकट माणसांनाही पावलावरची नाडी जन्मतः लागत नाही, तेव्हा ती नाही लागली म्हणून रात्रभर जागू नका.

डॉक्टरांनी "एबीआय" करायला सांगितलं. ही काय तपासणी?

अगदी सोपी, न टोचता होणारी. दंडाचं बीपी घेतात तसंच घोट्याचं घेतात. स्टेथोस्कोपऐवजी पेनाएवढा डॉप्लर असतो. थंडगार जेल लावून तो टेकवला की वाहत्या रक्ताचा "श्शू-श्शू" आवाज खोलीभर ऐकू येतो. मग घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंडाचं १४० आणि घोट्याचं ८४ आलं, तर उत्तर ०.६.

१ ते १.४ हे ठीक. ०.९ किंवा त्याखाली आलं तर रोहिणी अरुंद आहे. मधलं काठावरचं. १.४ च्या वर गेलं तर आनंद मानू नका. मधुमेहात आणि किडनीच्या आजारात रोहिण्या कॅल्शियमने इतक्या कडक होतात की पट्टा फुगवून दाबल्याच जात नाहीत आणि आकडा खोटा चढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

थेट कलर डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करून घेणारे लोक मला रोज भेटतात. गरज असते तेव्हा त्या तपासण्या उत्तमच, पण सुरुवात या स्वस्तातल्या तपासणीने व्हायला हवी असं माझं मत आहे.

पोटरी दुखते म्हणता आणि वर चालायलाही सांगता?

हो. या आजारात चालणं हेच औषध आहे, आणि ते डोस ठरवून घ्यायचं. दुखणं सुरू झालं तरी लगेच थांबायचं नाही. बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, मग दुखणं पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा चालायचं. थांबे धरून सुरुवातीला अर्धा तास, मग हळूहळू पाऊण-एक तास. आठवड्यातून किमान ३ वेळा आणि सलग १२ आठवडे. स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतात, लहान वाटाही थोड्या मोठ्या होतात. पहिल्या महिन्यात फारसा फरक दिसत नाही आणि तिथेच बहुतेक जण सोडून देतात.

आमचे ते काका शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारतात. सपाट रस्ता, दर थोड्या पावलांवर टेकायला जागा, आणि थांबलं तर कोणी वळून बघत नाही. आधी अर्ध्या फेरीत दोनदा टेकायचे. चौथ्या महिन्यात एक अख्खी फेरी न थांबता झाली, ते सांगायला मुद्दाम आले. स्टेशनचे पूल, खड्डे, फेरीवाले यांतून होणारं चालणं यात धरू नका, त्यात लय सापडत नाही.

पायावर जखम असेल, रात्री बसल्या-झोपल्याही दुखत असेल किंवा चालताना छातीत दाटत असेल, तर मात्र हा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मी सिगारेट ओढत नाही, फक्त मशेरी लावते. तिचा काय संबंध?

संबंध आहे. निकोटीन धुरातून येवो की हिरड्यांतून, रक्तवाहिनी आकसतेच. चाळीतल्या आज्या मला ठणकावून सांगतात, "मला व्यसन नाही", आणि सकाळी मशेरी लावल्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नाही! राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुन्याची पुडी आणि बिडी कोपऱ्यावर मिळतेच.

तरुण मुलांसाठी एक वेगळं सांगायचंय. तिशी-चाळिशीतला पुरुष, ना मधुमेह ना कोलेस्टेरॉल, आणि पायाचं बोट काळं पडू लागलंय. असा पेशंट आला की मी आधी त्याचा खिसा बघते, बिडीचं बंडल निघतं. याला बर्जरचा आजार म्हणतात. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या गुठळ्यांनी बंद होतात. या आजाराला लगाम घालणारा एकच खात्रीचा उपाय आहे, तंबाखू पूर्ण बंद. "दिवसाला दोनवर आणलीय" हे इथे चालत नाही, दोन बिड्याही आजार जागता ठेवतात. निकोटीनच्या च्युइंगमही या आजारात शक्यतो टाळतात, म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

तळवे जळतात, मुंग्या येतात. रक्त पातळ करायची गोळी घेऊ का?

नको. आधी साखर तपासा, मग बी-१२. मधुमेहाने मज्जातंतू झिजतात, आणि शाकाहारी लोकांत किंवा बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी झालेलं सर्रास आढळतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा या दोन्हींशी काही संबंध नाही. उलट विनाकारण रक्तस्रावाचा धोका.

बधिरपणा ओळखायची एक खूण इथलीच. माणूस रस्त्याने चालत असतो, एका पायातली चप्पल निघून मागे राहते आणि त्याला पत्ताच नसतो! एक मावशी भारतमाता सिनेमापासून माझ्या दवाखान्यापर्यंत एका चपलेवर आल्या होत्या. त्या हसत होत्या, मला हसू येईना. चप्पल कळली नाही तर उद्या खिळाही कळणार नाही.

मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर नातवाला बघायला सांगा, मुलांची नजर तेज असते. भोवरी ब्लेडने कापायची नाही, कॉर्नची पट्टीही लावायची नाही, तिच्यातल्या ॲसिडने चांगली कातडीही जळते. चप्पल-बुटात हात घालून आत खडा नाही ना बघायचं आणि मगच पाय घालायचा.

मंगळवारी अनवाणी सिद्धिविनायकाला जातो. मधुमेह आहे, चालेल ना?

देवाला जा, पण पायात काहीतरी घालून जा. तुम्हाला पटणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण नवस असतो. बधिर पायाला काच, तापलेलं डांबर, सिगारेटचं थोटूक काहीच कळत नाही. मी पेशंटना सांगते की पायऱ्यांपाशी चप्पल काढा, तेवढं अनवाणी पुरे. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्यांनाही हेच.

पावसाळ्यात काय सांभाळायचं?

जवळच्या हिंदमाता चौकात पाणी भरलं की दुसऱ्या दिवशी माझा दवाखाना भरतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते आणि त्या फटीतून जंतू आत शिरतात. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायात एवढीशी फट पुरते. पाण्यातून आलात की साबणाने पाय धुवा, बोटांच्या मधे टिपून कोरडं करा, बेचक्यात क्रीम-तेल चोपडू नका. पायावर जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर लेप्टोचं (अशा घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचं) प्रतिबंधक औषध घ्यायचं का हे एकदोन दिवसांतच डॉक्टरांना विचारा.

पायावरच्या शिरा निळ्या दोऱ्यांसारख्या फुगल्यात. ऑपरेशन करावंच लागतं?

सगळ्यांना नाही. पोटरीचे स्नायू आवळले की नीलेतलं रक्त वर ढकललं जातं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की पोटरीचा हा पंप बंद असतो. वॉचमन, दादरच्या साड्यांच्या दुकानातल्या मुली, न्हावी, ट्रॅफिक हवालदार, पोळ्या लाटणाऱ्या बायका, माझ्याकडचे बहुतेक पेशंट यांतलेच. गर्दीच्या लोकलमध्ये विरार ते चर्चगेट उभ्याने येणारेही यात आले, आणि गणपतीत नवसाच्या रांगेत रात्र काढणारे तर आमच्या दारातलेच. वडील-आईला असेल तर शक्यता वाढते, बाळंतपणातही वाढते.

उभं राहावंच लागत असेल तर टाचा उचला-टेका, दर अर्ध्या तासाला वीसपंचवीस वेळा. कोणाच्या लक्षातही येत नाही. घरी गेल्यावर पाय भिंतीला टेकवून पंधरा मिनिटं पडा. वजन जास्त असेल तर ते उतरवा.

दाबाचे मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, कामाचे आहेत पण ते मापाने घ्यावे लागतात. घोटा आणि पोटरी मोजून, तेही सकाळी, सूज यायच्या आधी. अंथरुणातून उतरण्यापूर्वी चढवायचे आणि झोपताना काढायचे. मुंबईच्या घामात मे महिन्यात ते घालणं ही शिक्षा आहे, हे मी मान्य करते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पायाची नाडी तपासल्याशिवाय घट्ट मोजे घ्यायचे नाहीत. रोहिणी अरुंद असलेल्या पायाला ते चढवले तर उरलंसुरलं रक्तही अडतं.

शिरेतून रक्त येऊ लागलं, जखम झाली, कातडी काळी-कडक झाली किंवा दुखणं सहन होईना, की उपचाराचं बघू. आता लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने शीर आतून बंद करतात, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर घाबरून धावू नका. आडवं व्हा, पाय वर करा, जागेवर कापड दाबून धरा, थांबतं. मग दवाखाना गाठा.

एकच पाय अचानक सुजलाय. मालिश करून घेऊ?

हात लावू देऊ नका. एका पायाला एकदोन दिवसांत आलेली सूज, पोटरीत दुखणं, कातडी गरम, म्हणजे आतल्या खोल नीलेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. सूज आहे आणि धाप लागतेय, छातीत दुखतंय, खोकल्यातून रक्त येतंय, तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. नुसती सूज असेल तर त्याच दिवशी डॉप्लर करा. गुठळी निघाली तर रक्त पातळ करणारं औषध किमान ३ महिने चालतं.

मोठं ऑपरेशन, प्लास्टर, कॅन्सर, बाळंतपण, काही गर्भनिरोधक गोळ्या आणि लांबचा बसून केलेला प्रवास, ही कारणं. गणपतीला गावी जाणारे चाकरमानी बसमध्ये बारा-चौदा तास गुडघे मुडपून बसतात आणि लघवी लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. पाणी प्या, दर तासाला पावलं वर-खाली हलवा, बस थांबली की उतरून चार पावलं चाला. पूर्वी गुठळी झालेली असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा.

आणि दोन्ही पाय सुजत असतील तर?

मग पायाकडे नव्हे, वर बघायचं: हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड. पण त्याआधी बीपीच्या गोळ्यांची पट्टी आणून दाखवा. त्यावर ॲम्लोडिपिन लिहिलेलं असेल तर सूज तिचीच असू शकते. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका, बदलून मिळते. वर्षानुवर्षं एकच पाय सुजून कडक झाला असेल तर तो हत्तीपाय असू शकतो, तिथे रक्तवाहिन्यांचा नाही, अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांचा बिघाड असतो.

ऑफिसच्या एसीत माझ्या हाताची बोटं पांढरी पडतात. मुंबईत कुठली आलीय थंडी?

थंडी जानेवारीतलीच असायला हवी असं नाही. सेंट्रलाइज्ड एसी, एसी लोकल, फ्रीजरमधून काढलेलं दूध, एवढं पुरतं. बोटं आधी पांढरी, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकतात. पांढऱ्याची सीमा बोटावर रेघ मारावी तशी स्पष्ट दिसते. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून रेनोचा आजार.

तरुण मुलींत, दोन्ही हातांना सारखा होणारा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. हात झाका, अंगही गरम ठेवा, सिगारेट नको. पण चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाला, एकाच हाताला होतोय, बोटांच्या टोकाला जखमा होतायत, कातडी ताठर होतेय किंवा सांधे दुखतायत, तर ल्युपस, स्क्लेरोडर्मा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे आजार) यांच्या तपासण्या लागतात. रस्ता फोडायचं ड्रिल मशीन वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांनाही हा त्रास होतो. मेट्रोच्या कामावरची मुलं "हात मरतो" म्हणतात, तो हाच.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. हेही रक्ताचंच?

अंगठा आणि शेजारची दोन बोटं असतील आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात नस दबतेय. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, त्यातही दाब नसेवरच असतो. उठल्यावर जातात, काळजी नको.

काशाच्या वाटीने तळपाय घासले, गरम पाण्यात पाय ठेवले तर?

काशाची वाटी माझ्या आजीने मला घासलीय, झोप छान लागते. पायाला संवेदना नीट असेल, जखम नसेल, तर खुशाल घासा. त्याने अडलेली रोहिणी उघडेल अशी आशा ठेवू नका.

गरम पाण्याचं मात्र मनावर घ्या. बधिर पाय बादलीत घालून, "पाणी कोमट होतं" म्हणत फोड घेऊन येणारे दर हिवाळ्यात असतात. पाणी हाताच्या कोपराने बघा, त्याहून बरं म्हणजे दुसऱ्याला बघायला सांगा. शेकायची पिशवी पायाशी घेऊन झोपू नका. गार पायाला ऊब द्यायला सुती मोजे पुरतात.

लसूण-आलं-लिंबाच्या काढ्याने ब्लॉकेज निघतं असा मेसेज आलाय.

निघत नाही. थर रोहिणीच्या भिंतीत मुरलेला असतो, पाइपातल्या कचऱ्यासारखा धुऊन जात नाही. सलाईनमधून "ब्लॉकेज विरघळवणारी" चेलेशनची पॅकेजेस विकली जातात, त्यात पैसे घालवू नका. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, साखर आणि बीपी ताब्यात, तंबाखू बंद, हे कंटाळवाणं प्रिस्क्रिप्शनच पाय आणि जीव वाचवतं. चालण्याचं अंतर वाढवणारी सिलोस्टाझोल नावाची गोळी आहे, पण हृदय कमजोर असलेल्यांना ती चालत नाही. शेजाऱ्याच्या डब्यातली उचलू नका.

कोणत्या क्षणी सगळं सोडून हॉस्पिटल गाठायचं?

पाय किंवा हात अचानक दुखू लागला, पांढरा-गार पडला, नाडी लागेना, मुंग्या येऊन बधिर झाला, बोटं हलेनात. हे एखाद्या तासात घडलं तर रोहिणीत गुठळी अडकली असं समजायचं. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांत हे जास्त होतं. साधारण ६ तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू झाला नाही तर स्नायू मरू लागतात. शेकू नका, चोळू नका, "सकाळी बघू" म्हणू नका.

अँजिओप्लास्टी पायाची पण असते? की शेवटी पाय कापावाच लागतो?

पायाचीच आधी झाली! १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद रोहिणी नळी घालून रुंद केली. बोटांना गँगरीन झालं होतं, सर्जन पाय कापायला सांगत होते आणि बाई तयार नव्हत्या. त्यांचा पाय वाचला. हृदयाची बलून अँजिओप्लास्टी त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७७ मध्ये आली.

आता फुगा, स्टेंट आणि बायपास हे पर्याय आहेत. पण चालताना दुखतं एवढ्यावर घाईने स्टेंट घालून घेऊ नका, आधी औषध आणि चालणं तीन महिने करा. रात्रीचं दुखणं, न भरणारी जखम किंवा काळं पडलेलं बोट असेल तेव्हा मात्र उशीर नको. कापायला सांगितलं तरी आधी विचारा, "रक्तपुरवठा वाढवता येईल का, हे व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जननी बघितलंय का?" कधी कधी कापावं लागतं, विशेषतः जंतुसंसर्ग वर चढत असेल तर, आणि तेव्हा टाळणं जिवावर बेतू शकतं. त्यानंतर कृत्रिम पायासाठी हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे.

खर्च झेपणार नाही. कुठे जाऊ?

केईएम, सायन, नायर, जे.जे., जवळ पडेल तिथे सर्जरीच्या ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. तिथून पुढे पाठवतात. रांग मोठी असते, चिडचिड होईल, डबा घेऊन जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

डॉक्टरकडे येताना काय आणू?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, नुसती नावं नकोत. जुने डॉप्लरचे रिपोर्ट. किती चाललं की दुखतं ते पावलांत नाही, जागेत सांगा: "पुलाच्या दुसऱ्या पायरीपासून", "मंडळाच्या ऑफिसपर्यंत". सलवार-पँट गुडघ्याच्या वर जाईल अशी घाला. आणि दवाखान्यासाठी ठेवणीतल्या नव्या चपला घालून येऊ नका, रोजच्याच घाला. तळ कुठे झिजलाय ते मला बघायचं असतं.